खुर्ची मिळाली का? आई-बाबांच्या अमेरिकावारीतली व्हीलचेअर सेवा

आई-बाबा सहा महिने राहायला येणार म्हटलं की न्यू जर्सीत काय नि फ्रिमाँटमध्ये काय, घरोघरी तयारी तीच: जादा गादी, जाड बुडाची कढई, टीव्हीवर मराठी चॅनेल. विमानतळावरच्या खुर्चीचा विचार मात्र तिकीट काढताना एका चौकोनात टिक मारण्यापुरता होतो. खरं तर मुक्कामाचे पहिले आठ दिवस कसे जाणार ते त्या टिकवर ठरतं. मधल्या विमानतळावर तीन तास एका कोपऱ्यात बसवून ठेवलं, पाणी नाही, बाथरूम कुठे ते विचारायची सोय नाही, म्हणजे घरी येताना पाय सुजलेले आणि तोंडी एकच वाक्य: "आता परत नाही हो यायचं." दुसरी वारी तिथंच संपते. म्हणून हे परीक्षण विमानाचं, जेवणाचं किंवा सीटचं नाही. विमान कंपन्या फुकट देतात त्या व्हीलचेअर सेवेचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. मुंबईहून निघताना सेवा चांगली, पाचपैकी चार. अमेरिकेत उतरल्यावरही चार, कधी साडेचार. मधल्या विमानतळावर अडीच, तेही नशीब बरं असेल तर. कारण साधं आहे. खुर्ची एक दिसते, पण ती ढकलणारे हात वाटेत पाच-सहा वेळा बदलतात. काउंटर ते गेट एक माणूस, विमानाच्या दारापासून दुसरा, ट्रान्झिटच्या हॉलमध्ये तिसरा. घोळ होतो तो या हातातून त्या हातात जाताना. एकेकटा माणूस सहसा नीटच वागतो.

कोड नीट घ्या, बाकीचं मग

"व्हीलचेअर पाहिजे" एवढंच सांगितलं की तिकिटावर बहुतेक वेळा डब्ल्यूसीएचआर हा कोड पडतो. शेवटचा आर म्हणजे रॅम्प. याचा अर्थ, प्रवासी जिना चढू शकतो, विमानात आपापला चालू शकतो, लांब अंतरासाठी तेवढी खुर्ची हवी. दुसरा कोड डब्ल्यूसीएचएस, इथला एस पायऱ्यांचा. हा प्रवासी विमानात सीटपर्यंत चालेल, पण जिना चढणार-उतरणार नाही. तिसरा डब्ल्यूसीएचसी, सी म्हणजे केबिन. याला थेट सीटपर्यंत न्यावं लागतं, त्यासाठी आतल्या चिंचोळ्या वाटेतून जाणारी अरुंद खुर्ची लागते.

आता गंमत बघा. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, सपाटीवर ती हळूहळू चालते, पण सात-आठ पायऱ्या म्हणजे तिला डोंगर. घरचे सांगतात, "तशी चालते ती," आणि कोड पडतो आर. मग एखाद्या दिवशी विमान एरोब्रिजला लागत नाही, लांब मैदानात उभं राहतं, तिथवर बस नेते आणि समोर विमानाचा उघडा जिना. कोड आर असेल तर कंपनीच्या हिशेबी ही बाई जिना चढणारी आहे, त्यामुळे अँब्युलिफ्ट म्हणजे वर उचलणारी गाडी तिच्यासाठी मागवलेलीच नसते. ती ऐन वेळी मागितली की अर्धा-पाऊण तास जातो. गुडघ्याचं दुखणं असेल तर एस कोडच मागा. यात खोटं काही नाही. जिना चढता येतो का, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर "नाही" असं आहे.

उलट, चालणाऱ्याला सी कोड लावू नका. सी कोड पाहिला की काही कंपन्या डॉक्टरचा दाखला मागतात, काही सोबत माणूस हवा म्हणतात, आणि विमानात बाथरूमला जायचं कसं हा प्रश्न उभा राहतो. केबिन क्रू सीटपासून बाथरूमच्या दारापर्यंत मदत करतात. आत मदत करणं त्यांचं काम नाही.

स्वतःची घडीची खुर्ची किंवा वॉकर असेल तर ती सामानाच्या वजनात न धरता फुकट नेतात. बॅटरीवर चालणारी असेल तर कंपनीला बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर, म्हणजे तिची क्षमता, आधी कळवावे लागतात. हे काउंटरवर पोचून सांगितलं तर खुर्ची मागे राहू शकते.

टिक मारून भागत नाही

भारतात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांनुसार ही मागणी निघण्याच्या किमान ४८ तास आधी नोंदवायची असते. युरोपीय संघाच्या २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमातही ४८ तासच आहेत. अमेरिकेत १९८६ चा एअर कॅरियर अॅक्सेस कायदा आणि त्याखालच्या नियमांचा भाग ३८२ लागू होतो; अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या उड्डाणांनाही तो बंधनकारक आहे. खुर्चीसाठी पैसे घेता येत नाहीत.

तिकीट एखाद्या पोर्टलवरून किंवा गल्लीतल्या एजंटकडून काढलं असेल तर तिथं मारलेली टिक विमान कंपनीपर्यंत पोचेलच असं धरून चालू नका. पोर्टलचा बुकिंग नंबर वेगळा, कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा. हा दुसरा नंबर घेऊन कंपनीला फोन लावायचा आणि नेमकं विचारायचं: "दोन्ही प्रवाशांना, दोन्ही सेगमेंटवर, व्हीलचेअरचं स्टेटस एचके आहे का?" सेगमेंट म्हणजे एकेक उड्डाण. एचके म्हणजे पक्कं. एचएन म्हणजे मागणी गेली, उत्तर आलेलं नाही. यूएन म्हणजे देता येत नाही. फोनवरची मुलगी "हो सर, रिक्वेस्ट केली आहे" म्हणाली तर ते एचएनच समजा आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, म्हणजे कोडशेअर, असेल तर फोन प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीला. सगळ्यात जास्त घोळ इथंच. मुंबई ते फ्रँकफर्ट खुर्ची हजर, पुढच्या विमानाला कुणाला काही माहीतच नाही. आणि कंपनीने वेळ बदलली किंवा विमान बदलून दिलं, की नव्या बुकिंगवर खुर्चीची नोंद उतरली का ते परत तपासायचं. बऱ्याचदा उतरलेली नसते.

दोघं येत असतील तर दोघांची नोंद वेगवेगळी हवी. "एक खुर्ची आईला, बाबा बरोबर चालतील" हा आपल्याकडचा लाडका हिशेब. बाबांना "मला कशाला?" असं वाटतं आणि मुलांनाही ते बरं वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका जोडप्याने दोघांसाठी खुर्च्या सांगितल्या होत्या, हजर एकच होती. पत्नी खुर्चीत बसली, ऐंशी वर्षांचे पती शेजारून चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. त्यातच ते गेले. डीजीसीएने विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघांनीही बसून राहायचं, हे निघण्याआधी घरी बजावून ठेवा. बाबांना जास्त बजावा.

ज्यांना खुर्ची नको, सोबत हवी

खरं बोलायचं तर निम्म्या वेळा अडचण पायांची नसतेच. इंग्रजी बोर्ड, सरकते जिने, टर्मिनलमधली ट्रेन आणि "गेट बदललं तर?" ही धास्ती, एवढंच असतं. पुण्यात रोज सकाळी पर्वती चढणारे काका खुर्चीत बसून येतात ते याचमुळे. भारत-अमेरिका उड्डाणांना दारात डझनावारी खुर्च्यांची रांग लागते, त्यात असे पुष्कळ असतात, आणि ज्यांना खरोखर पाऊल टाकवत नाही ते त्या रांगेत मागे पडतात.

अशांसाठी दोन वाटा आहेत. पहिली फुकट: कंपनीला फोन करून एमएएएस कोड मागा. म्हणजे मीट अँड असिस्ट, बरोबर माणूस देतात, खुर्ची नाही. "ज्येष्ठ प्रवासी, पहिलाच परदेश प्रवास, इंग्रजी येत नाही" एवढं सांगायचं. सगळ्या कंपन्या देत नाहीत, देतात त्याही माणूस उपलब्ध असेल तरच. दुसरी वाट पैशाची. मुंबईला विमानतळाची 'प्रणाम' सेवा आहे, दुबईत 'मरहबा', दोहात 'अल महा'. नाव लिहिलेली पाटी घेऊन माणूस उभा असतो, तो पुढच्या गेटपर्यंत सोडतो. पैसे वाचवायचे असतील तर मुंबईची सेवा सोडा आणि मधल्या विमानतळाची घ्या. मुंबईत हिंदी-मराठी चालतं, विचारत विचारत माणूस पोचतो. अडतं ते पुढे.

मुंबई

टर्मिनल दोनचं निर्गमन चौथ्या मजल्यावर. गाडी वर लागते, पण दारातून आत फक्त तिकीटवाले. सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघून सोडतो. इथं एक गैरसमज असतो. खुर्ची दारातच मिळेल असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा ती चेक-इन काउंटरवर मिळते. दार ते काउंटर हे अंतर, तेही प्रत्येकी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा घेऊन, आपलं आपण पार करायचं असतं. बाहेर पैसे देऊन पोर्टर घेता येतो, तो काउंटरपर्यंत ट्रॉली ढकलतो. अजिबात चालवत नसेल तर दारातल्या कर्मचाऱ्याला सांगून कंपनीच्या माणसाला बाहेर बोलवावं लागतं. त्यासाठी वीस मिनिटं जास्तीची धरा. एकूण चार तास आधी पोचलेलं बरं. पुण्याहून निघणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावरचा घाट आणि पनवेलच्या पुढची कोंडी धरून आणखी वेळ ठेवायचा. ते सांगायला नकोच म्हणा.

काउंटरवर बोर्डिंग पास हातात आले की ते वाचून घ्यायला सांगा. दोन विमानं म्हणजे माणशी दोन पास. कोड छापलेला आहे का ते बघायचं. दुसऱ्या पासवर नसेल तर तिथंच उभं राहून घालून घ्यायचा, कारण मुंबईच्या काउंटरवरचा माणूस मराठीत ऐकतो आणि दोन मिनिटांत काम होतं. हेच काम ट्रान्झिटमध्ये एक तास खातं.

खुर्चीत बसल्यावर हातातलं सामान मांडीवर. ढकलणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, काही वेळा तर एकच मुलगा दोन खुर्च्या आळीपाळीने नेतो. म्हणून चाकांची केबिन बॅग नको. मांडीवर मावेल अशी मऊ सॅक बरी, सात किलोच्या आतली. तिच्यात औषधांच्या पाकिटासकट पट्ट्या, डॉक्टरची चिठ्ठी, चष्मा, स्वेटर, रिकामी पाण्याची बाटली. लोणचं, चटणी, तुपाची बरणी यातलं काही या सॅकेत नको. १०० मिलीपेक्षा जास्त कोणताही ओला-पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत काढतात, आणि युरोपात ट्रान्झिटमध्ये पुन्हा तपासणी होते. मुंबईत सुटलं म्हणून पुढे सुटत नाही.

बोर्डिंगला खुर्चीवाले सगळ्यात आधी चढतात. उतरताना सगळ्यात शेवटी. हे दुसरं वाक्य दहा वेळा सांगा. विमान थांबलं, सगळे उठले, बॅगा काढायला लागले की आपली माणसंही उठतात आणि गर्दीबरोबर बाहेर पडतात. बाहेर खुर्च्यांच्या रांगेत नावं पुकारली जातात, उत्तर मिळत नाही, पुढच्याला खुर्ची मिळते. बसून राहायचं, हवाई सुंदरी सांगेल तेव्हा उठायचं.

सीट वाटेकडेची आणि बाथरूमपासून चार-पाच रांगांवर. अगदी शेजारची नको, तिथं रात्रभर दार आपटतं आणि दिवा लागतो. मुंबईहून न्यूयॉर्क परिसराला थेट विमान मार्गानुसार पंधरा-सोळा तास घेतं. पैसे जास्त पडले तरी सत्तरीपुढच्यांना थेट विमान परवडतं, कारण या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग त्यात गाळला जातो.

ट्रान्झिट: इथं जीव टांगणीला

मधल्या विमानतळावर खुर्चीतून उतरवून एका राखीव जागेत बसवतात. तिथं रांगेने खुर्च्या, बाजूला काउंटर, काउंटरवर माहितीची स्क्रीन. पुढच्या विमानाची वेळ झाली की नवा माणूस येऊन नेतो. तो कधी येतो? बोर्डिंगच्या तासभर आधी आला तर उत्तम. पण राखीव जागेतल्या यादीत नाव चुकलं, किंवा गेट बदललं आणि यादी जुनीच राहिली, तर कुणीच येत नाही. आपली माणसं भिडस्त. "ते येतील म्हणाले होते" म्हणून बसून राहतात. इतकी शिस्त इथं कामाची नाही.

त्यांना घड्याळाचा नियम द्या. बोर्डिंग पासवर सुटण्याची वेळ असते. त्याच्या दीड तास आधीपर्यंत कुणी आलं नाही तर उठून काउंटरवर जायचं, पास पुढे करायचा, गेटचा रकाना बोटाने दाखवायचा. भाषा लागत नाही. सव्वा तास उरला तरी हालचाल नाही, तर पुन्हा जायचं आणि तिथून हलायचं नाही. घड्याळ मुंबईच्या वेळेवर असतं ही दुसरी अडचण. दुबई मुंबईच्या दीड तास मागे, दोहा अडीच तास मागे. विमानातून उतरताना घड्याळ बदलायचं, किंवा निघतानाच एका कागदावर "मुंबईच्या वेळेने इतके वाजता उठायचं" असं लिहून द्यायचं. दुसरा उपाय जास्त भरवशाचा.

बसवण्याआधी बाथरूमला जाऊन यायचं. ढकलणारा निघून गेला की सामान कुणाकडे ठेवायचं इथपासून प्रश्न सुरू होतात. "टॉयलेट फर्स्ट" हे दोन शब्द पाठ असले तरी पुरे. मधुमेह असेल तर सॅकेत राजगिऱ्याची वडी, खाकरा, भाजके शेंगदाणे. तीन तासांच्या बसण्यात खायला कुणी आणून देईल असं धरू नका.

दोन विमानांमध्ये किमान तीन तास हवेत. खुर्चीवाला शेवटी उतरतो, म्हणजे पहिली वीस-तीस मिनिटं तिथंच गेली. पुढे लिफ्ट, ट्रेन, तपासणी. दुबईच्या टर्मिनल तीनमध्ये कॉनकोर्स ए ला जायला ट्रेन आहे, फ्रँकफर्टला टर्मिनल बदलायला स्कायलाइन नावाची ट्रेन. नव्वद मिनिटांचं कनेक्शन कंपनी कायदेशीर म्हणून विकते, पण ते पळणाऱ्यासाठी असतं. उलट सात-आठ तासांचाही थांबा नको. चार तास हे चांगलं माप.

अबू धाबीहून येत असाल तर एक गोष्ट वेगळी: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच, विमानात बसण्याआधी होतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा थांबा साडेतीन तासांच्या खाली नको. त्याच्या बदल्यात अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं, दमलेल्या अवस्थेत रांग नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ही सोय खरोखर उपयोगाची आहे.

युरोपात ही सेवा विमान कंपनी नव्हे, विमानतळ चालवतो. म्हणून तिथं कंपनीच्या काउंटरवर तक्रार केली की ते दुसरीकडे बोट दाखवतात, आणि ते खोटं बोलत नसतात. असिस्टन्सचा वेगळा काउंटर शोधायचा, तिथंच बोलायचं.

अमेरिकेत उतरल्यावर

इथं सेवा बहुतेक ठिकाणी सरळ चालते. दारात खुर्ची, इमिग्रेशनला वेगळी रांग, बॅगा पट्ट्यावरून उतरवायला मदत, बाहेरच्या फुटपाथपर्यंत सोबत. ढकलणारा अनेकदा नेपाळी, गुजराती किंवा पंजाबी निघतो आणि हिंदी सुरू होतं, मग आईचा चेहरा उजळतो.

इमिग्रेशन अधिकारी तीन-चार प्रश्न विचारतो: कुठे राहणार, कोणाकडे, किती दिवस, सोबत खायचं काय आणलंय. प्रश्न न समजता "येस, येस" म्हणणं सगळ्यात वाईट. "हिंदी इंटरप्रिटर प्लीज" म्हणायचं. बोटांचे ठसे घेतात. वयामुळे आणि विमानातल्या कोरड्या हवेमुळे बोटं सुकलेली असतात, यंत्र वाचत नाही. उतरण्याआधी हाताला थोडं क्रीम चोळून पुसून टाकावं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने, आणि ती ऑनलाइन आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर दिसते. ते घरी आल्या आल्या तपासा, परतीचं तिकीट त्याच्या आत आहे का ते बघा.

विमानात मिळालेलं केळं, सफरचंद पर्समध्ये टाकायची आपल्याकडे सवय. ताजं फळ जाहीर न करता आणलं तर पहिल्याच वेळी ३०० डॉलर दंड होऊ शकतो. बाहेर पडण्याआधी कचऱ्यात टाका, किंवा सरळ सांगा.

पुढे देशांतर्गत विमान असेल तर पहिल्याच अमेरिकन विमानतळावर बॅगा घ्यायच्या, कस्टम्स पार करायचं, बॅगा परत द्यायच्या, मग पुन्हा सुरक्षा तपासणी. बॅगेला "थेट डेट्रॉइट" असा टॅग असला तरी. ढकलणाऱ्याला बॅगा कशा ओळखायच्या? आई-बाबांच्या फोनमध्ये चारही बॅगांचा एकत्र फोटो ठेवा आणि प्रत्येक हँडलला एकाच रंगाची चिंधी बांधा. जुन्या काठपदराच्या साडीची पट्टी असेल तर लांबूनही चुकत नाही, पट्ट्यावर तसली दुसरी नसते.

भाग ३८२ मध्ये एक कलम उपयोगाचं आहे: स्वतःहून हलता येत नाही अशा प्रवाशाला खुर्चीत बसवून ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकटं सोडता येत नाही. आणि अमेरिकेत प्रत्येक विमान कंपनीने सीआरओ, म्हणजे तक्रार तिथल्या तिथे सोडवणारा अधिकारी, उपलब्ध ठेवावा लागतो, प्रत्यक्ष नाहीतर फोनवर. फोनवर मुलाने किंवा सुनेने "आय वाँट टू स्पीक टू द सीआरओ" म्हटलं की कामाचा वेग वाढतो. आवाज चढवावा लागत नाही.

टिपेचं काय? अमेरिकेत ढकलणाऱ्याला देण्याची पद्धत आहे, एका टप्प्याला पाच ते दहा डॉलर सर्वसाधारण. सक्ती नाही. अडचण अशी की आई-बाबांकडे शंभराच्या नोटा असतात. एक-एकच्या आणि पाच-पाचच्या नोटा भारतात जाणाऱ्या कुणाबरोबर आधीच पाठवा, आणि त्या सॅकेच्या बाहेरच्या कप्प्यात राहू द्या, पासपोर्टच्या पाकिटात नको. टिप देताना पासपोर्ट खाली पडणं ही फार सामान्य गोष्ट आहे. मुंबईत कुणी चहापाण्याचं सुचवलं तर द्यायलाच हवं असं नाही.

गळ्यातला कागद

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पोस्टकार्डाएवढा एक कागद, प्लास्टिकच्या पाकिटात, दोरीने गळ्यात. एका बाजूला इंग्रजीत, मोठ्या अक्षरात: नाव, दोन्ही उड्डाणांचे क्रमांक आणि तारखा, पीएनआर, "जिना चढता येत नाही", "मधुमेह आहे" किंवा जे असेल ते, "मराठी व हिंदी बोलतात", न्यायला येणाऱ्याचं नाव आणि देशाच्या कोडसह फोन. दुसऱ्या बाजूला मराठीत, आई-बाबांसाठी: कुठे उतरायचं, किती वाजता उठायचं, कुठल्या कोडवर काय मागायचं, घरचा पत्ता. हा कागद प्रत्येकाला वेगळा, कारण तपासणीत दोघांची ताटातूट होते. जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर त्यावर लिहू नका.

फोनचं एक लक्षात ठेवा. विमानतळावरचं वायफाय काही ठिकाणी ओटीपी मागतं आणि तो भारतातल्या नंबरवर येतो. म्हणून निघण्याआधी भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, महागडा पॅक नको, नुसते एसएमएस आले तरी चालेल. परतल्यावर बँकेच्या ओटीपीसाठीही सिम चालू राहिलं पाहिजे, हा वेगळा फायदा.

परतीला

येताना बाहेर थांबावं लागतं, परतीला मात्र अमेरिकेत एक सवलत मिळते. चेक-इन काउंटरवर ओळखपत्र दाखवून मुलाला किंवा मुलीला गेटपास मागता येतो. दिला तर सुरक्षा तपासणी करून तुम्ही विमानाच्या गेटपर्यंत आई-बाबांबरोबर बसू शकता. देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर, पण ज्येष्ठ प्रवासी आणि भाषेची अडचण सांगितली तर बहुधा मिळतो. फक्त एकाला मिळेल असं धरून चला, नातवंडांना दारातच निरोप द्यायला लावा. सुरक्षा तपासणीत कृत्रिम गुडघा किंवा पेसमेकर असेल तर टीएसए केअर्सला, म्हणजे तिथल्या तपासणी खात्याच्या मदत सेवेला, ७२ तास आधी फोन केला की तिथं मदतीला माणूस मिळतो.

मुंबईत उतरल्यावर खुर्ची पट्ट्यापर्यंत आणि तिथून बाहेर. पण न्यायला आलेल्या भावाला फोन आईने करायचा असतो, आणि तिचा अमेरिकेतला नंबर तेव्हा बंद झालेला असतो. भारतीय सिम फोनमध्ये परत घालायचं काम विमानात बसण्याआधी, गेटवर, तुमच्या देखत उरकून घ्या. सिम काढायची पिन सॅकेच्या त्याच बाहेरच्या कप्प्यात, उरलेल्या एक-एक डॉलरच्या नोटांबरोबर.